न भिजवलेला कॅनव्हास

गिऱ्हाईक उभं असताना शटर ओढायची रीत आमच्या दुकानात नाही. हे गेले त्या दिवशीसुद्धा मी शटर अर्धं वर ठेवलं होतं, कारण शाळा उघडायला आल्या होत्या आणि लोकांच्या पोरांना उघडंवाघडं पाठवता येत नाही. आणि माझ्या थोरल्यानं, ज्याला मी याच कटिंगच्या टेबलाखाली चिंध्यांच्या गठ्ठ्यावर निजवून वाढवला, त्यानं ऐन हंगामात, भर दुपारी शटर खाली ओढलं. एक बाई पोराला घेऊन आलेली. पोराचे हात वर, माझी टेप त्याच्या काखेखालून गेलेली. थोरला आत आला, माझ्या हातातून टेप काढून घेतली, बाईला म्हणाला, "उद्या या," आणि दोघांना रस्त्यावर काढलं. शटर खाली येईपर्यंत मला दिसत होतं, त्या पोराचे हात अजून वरच होते.

थोरल्याचं हे असंच. राग आला की आधी दार लावायचं. लहानपणीही भांडला की कपाटात जाऊन बसायचा आणि आतून कडी नाही म्हणून ओरडायचा.

त्याच्या मागून थोरली सून आत शिरली होती, तोंड खडूसारखं पांढरं. आणि तिच्या मागे रीळ, त्या दोघांचं एकुलतं एक. रांगायला लागल्यापासून टेबलाखाली घरंगळायचं म्हणून मीच ते नाव ठेवलं. आता उंचीला माझ्यावर गेलंय. दप्तर छातीशी घट्ट धरलेलं, शाळेचा शर्ट वरच्या गुंडीपर्यंत लावलेला, चालताना एका कुशीला वाकत होतं. माझ्याकडे एरवी डोळा मारल्याशिवाय जात नाही. त्या दिवशी पाहिलं नाही. सरळ शिडीवरून माळ्यावर गेलं, जिथं आमचे कापडाचे तागे असतात. मग शिडीही वर ओढून घेतली आणि झडप लावली.

"वर जाऊ दे तिला," थोरला म्हणाला. "जाऊन जाऊन जाईल कुठं."

त्यानं खिशातून वर्तमानपत्राची गुंडाळी काढून टेबलावर टाकली. आत एक कपडा. बंडी म्हणावी तर बंडी नाही. बिनबाह्यांची, आखूड, पुढून उभी कापलेली, आणि कापणाऱ्याला कात्री धरायची सवय नव्हती हे एका नजरेत कळत होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"तुझ्या नातीला विचार. छाती सपाट दिसावी म्हणून आतून घालते. शाळेत धावताना पडली. श्वास घेता येईना. ओठ निळे पडले तेव्हा खेळाच्या बाईंनी हे मैदानातच कात्रीनं फाडलं."

माझा धाकटा मागे इस्त्री करत होता. त्यानं इस्त्री उभी करून ठेवली. "डॉक्टर?"

"शाळेतच येऊन तपासून गेले. बरगड्यांना सूज आहे, हाड शाबूत आहे. काही दिवस छातीवर काहीही आवळायचं नाही. आणखी थोडा वेळ गेला असता तर..." ते वाक्य त्यानं पुरं केलं नाही. टेबलाची कड धरली आणि वर झडपेकडे पाहून ओरडला, "कुणी शिवून दिलं हे तुला? वाटभर विचारतोय. तोंडाला कुलूप घातलंय कार्टीनं."

वरून काही आवाज आला नाही.

मी तो कपडा हातात घेतला. मला अक्षरं धड वाचता येत नाहीत, पण शिवलेलं वाचता येतं. पुढच्या भागात कॉलर ताठ ठेवणारा कॅनव्हास घातलेला, आमच्याच दुकानातला. कडा हातशिलाईच्या, कारण मशीनचा आवाज घरभर जातो. आणि टाके उलटीकडे कललेले. आमच्या घरात डावखुरं माणूस एकच आहे.

मी मान वर केली. थोरली जमिनीवरच्या दोऱ्याच्या तुकड्यांकडे बघत होती, जणू ते तिला मोजायला सांगितले होते.

दुकानातलं कटिंग थोरलाच करतो. आज रागानं आंधळा होता म्हणून दिसलं नाही, पण हा कपडा त्यानं एकदा उलटा करून पाहिला की संपलं. मी कपडा मांडीवर घेतला, त्यावर दुरुस्तीला आलेला एक कोट ठेवला आणि त्याची कड उसवायला बसले. कोटाची कड चांगली होती बिचारी.

*

शाळेत काय घडलं ते थोरलीनं मला पुढं सांगितलं, म्हणून तिच्या डोळ्यांनी सांगते.

मोठ्या बाईंच्या खोलीत खुर्च्या भिंतीला लावलेल्या. टेबलावर ती गुंडाळी. थोरलीला एकच वाटत होतं, ती कुणी उघडू नये. शेजारच्या खोलीत रीळ खाटेवर पडलेलं, मधलं दार उघडं.

वर्गबाई म्हणजे दोनेक वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली मुलगी. ती म्हणाली, "गेल्या वर्षी त्यानं मला येऊन सांगितलं की मी आतून मुलगा आहे. वर्गातली मुलं दुसऱ्या नावानं हाक मारतात, मुलाच्या. मीही मारते. खेळाची पँट रोज घालायची परवानगी दिली आम्ही. बाकी काही केलेलं नाही."

"त्यानं म्हणजे कुणी?" थोरल्यानं विचारलं.

"तुमच्या मुलानं."

"मला मुलगी आहे."

थोरला टेबलावर पुढं झुकला. "तुमच्या शाळेतलं एकेक पोर माझ्या हातचं शिवलेलं घालून येतं. कुणाचा कोणता खांदा उतरता आहे, कोण पोक काढून चालतं, मला पाठ आहे. आणि माझ्याच घरातली गोष्ट वर्षभर मला सांगितली नाही? बाप आहे की कोण आहे मी?"

मोठ्या बाई शांतपणे बोलल्या. "सांगावं की नाही यावर आमच्यातही दोन मतं होती. मुलानं सांगू नका म्हणून गळ घातली होती. का, विचारलं, तर म्हणाला की बाबांना कळलं तर ते मला शाळेतून काढतील."

"काढणारच. उद्यापासून येणार नाही ती."

हे तोंडातून पडलं तेव्हा मोठ्या बाईंनी वर्गबाईंकडे नुसतं पाहिलं. थोरल्याच्या ते लक्षातही आलं नाही. थोरलीला मात्र भर वर्गात उभं केल्यासारखं झालं.

"पण या कपड्याचं आम्हाला माहीत नव्हतं," वर्गबाई म्हणाली. "तो कुणाला दाखवत नव्हता. माहीत असतं तर त्याच दिवशी तुम्हाला बोलावलं असतं. अशानं जीव जाऊ शकतो, डॉक्टर म्हणाले."

"शिवला कुणी?" थोरल्यानं विचारलं.

थोरलीनं तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, असं ती शपथेवर सांगते. तेवढ्यात शेजारच्या खोलीतून आवाज आला. "मी. मीच शिवलाय."

"तुला सुईत दोरा ओवता येत नाही," थोरला म्हणाला.

आणि ते खरंच होतं. शिंप्याच्या घरात जन्मून रिळानं कधी सुई हातात धरली नाही. थोरलीचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. लेकरानं तिला झाकलं, आणि ती झाकून घेत राहिली. गाडीत बसल्यावर नवरा विचारतोय, लेकरू गप्प, आणि ही खिडकीबाहेर बघतेय. ती म्हणते, त्या दिवशी मला माझीच शिसारी आली, पण भीती त्याहून मोठी होती.

*

मधली मागच्या दारानं आली. थोरलीनं शाळेतूनच तिला फोन केला होता. माझी ही मुलगी दुसऱ्या गावच्या शाळेत शिकवते, आणि शिकवून शिकवून घरातही फळ्यासमोर उभी असल्यासारखीच बोलते. तिनं आल्या आल्या सगळ्यांकडे पाहिलं, बंद शटरकडे पाहिलं, वर पाहिलं.

"रीळ कुठंय?"

"वर," धाकटा म्हणाला. "शिडी वर घेतलीय."

"बोलतंय का?"

"नाही."

मधलीनं पर्स ठेवली आणि बाजू घेतली ती थोरल्याची. मला वाटलंच होतं. लहानपणापासून ही दोघं एका मापाची. "शाळेचं चुकलंच दादा. इतक्या कोवळ्या वयाच्या मुलाची एवढी मोठी गोष्ट आईबापांपासून लपवायची नसते. उद्या काही झालं तर निस्तरणार घरच. आज बघितलंच."

"तेच म्हणतोय मी," थोरला म्हणाला. "सकाळी तुझ्याकडे आणून सोडतो तिला. तुझ्या शाळेत घाल. तुझ्या नजरेखाली राहील. नवीन जागा, नवीन पोरं, हे खूळ जाईल डोक्यातून."

थोरलीनं चटकन मान वर केली. हे तिलाही नवीन होतं.

"माझ्याकडे?" मधली म्हणाली. "चालेल. काही दिवस..."

"काही दिवस नाही. शाळा संपेपर्यंत."

"दादा, पोर आहे का पार्सल?" धाकटा मागून म्हणाला.

"तू इस्त्री कर."

"शटर लावलंस तर इस्त्री कुणासाठी करू? आणि ताई, शाळेनं लपवलं म्हणतेस, मग सांगून काय केलं असतं यानं? आज कळलं तर आज काढलं शाळेतून. पोराचा अंदाज एका इंचानं चुकला नाही."

"तुला कसला एवढा पुळका?" थोरला वळला. "तुला माहीत होतं का?"

धाकट्यानं शर्टाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "शाळेतलं नाव माहीत होतं. गणवेशांचे गठ्ठे द्यायला गेलो होतो. मैदानात पोरं हाक मारत होती आणि आपलं रीळ वळून बघत होतं. हसत होतं रे. घरात मी तिला तसं हसताना पाहिलेलं नाही."

"आणि तू मला बोलला नाहीस."

"तुला? तुला सांगायचं म्हणजे आधी शटरला टेकून उभं राहायला लागतं, पळता यावं म्हणून."

एरवी मी हसले असते. पण माझं लक्ष वर होतं. माळ्याचा पत्रा दुपारी तापतो, तिथं ठणठणीत माणसालाही धाप लागते. रीळ गेल्यापासून एकदाही पाऊल वाजलं नव्हतं. कापडाच्या दुकानात शांतता फार दाट असते, तागे आवाज पिऊन टाकतात. मी कोटाची कड उसवत होते आणि कान वर लावून होते, जसं तान्ह्याच्या पाळण्याशी लावतात, श्वास चालू आहे ना म्हणून.

"रीळ," थोरलीनं वर तोंड करून हाक मारली. "पाणी देऊ का?"

काही नाही.

"लाड नकोत," थोरला म्हणाला. "कुणी शिवलं ते सांग, मग पाणी मिळेल." आणि टेबलावर मूठ आपटली. खडूचा डबा पडून फुटला.

मग वरून आवाज आला. टर्र.

कापडाचा आवाज मला माणसाच्या आवाजासारखा ओळखू येतो. अस्तर फाटताना शीळ घातल्यासारखं वाजतं, गरम कापड घोगरं. मांजरपाट सरळ आणि कोरडं फाटतं. वर मांजरपाट फाटत होतं. अख्ख्या पन्ह्याचं, लांब. थांबलं. पुन्हा टर्र.

पट्ट्या.

"काय करतेय ती?" मधलीनं विचारलं. तिचा फळ्यासमोरचा आवाज गेला होता.

माळ्यावर आडवी तुळई आहे आणि तिला ह्यांनी ठोकलेले लोखंडी आकडे आहेत, भारी तागे टांगायला. त्या तुळईखालून मी सगळं आयुष्य वावरले. त्या क्षणी ते आकडे मला एकेक करून डोळ्यांसमोर दिसायला लागले. धाकट्याकडे पाहिलं तर त्याला तेच दिसत होतं.

थोरला टेबलावर चढला. झडपेला खांदा लावला. वर काहीतरी जड ठेवलेलं होतं, हलेना. "उघड! उघड म्हणतो ना!" तो दोन्ही हातांनी झडप बडवायला लागला, आणि वरचं फाटणं घाईत आलं, टर्र, टर्र, टर्र.

"खाली उतर," मी म्हणाले.

"आई, ती वर..."

"तुझा आवाज चढला की ते घाईनं फाडतं. कान आहेत का तुला? उतर खाली."

तो उतरला. माझ्या आयुष्यात मी त्याला इतका घाबरलेला पाहिला नव्हता. तो तिथंच टेबलाच्या कडेवर बसला, ज्या टेबलावर बसलेलं मी कुणाचं खपवून घेत नाही.

मी मांडीवरचा कोट बाजूला केला. खालचा तो कपडा उचलला आणि थोरलीच्या समोर धरला, टाक्यांची बाजू वर करून.

"सूनबाई," मी म्हणाले, "वर ते लेकरू तुझ्यासाठी बसलंय. आता कोण बोलणार, तू की मी?"

तिनं कपड्याकडे पाहिलं नाही. थोरल्याकडेही पाहिलं नाही. झडपेखाली जाऊन उभी राहिली, पदराचा बोळा मुठीत, आणि वर बघून बोलायला लागली.

"बाळा, ऐक. मी सांगतेय त्यांना. ऐकतोयस ना? तुला आता काही लपवायला नको. तो कपडा मी शिवला. अहो, मी शिवला तो."

फाटणं थांबलं.

"मी त्याला न्हाणीघरात पाहिलं," ती म्हणाली, आता थोरल्याला, पण नजर वरच. "बँडेजच्या पट्ट्या गुंडाळून घेतल्या होत्या त्यानं. चिकटपट्टी लावलेली. कातडी सोलून निघालेली, काखेत रक्त. ओरडले, रडले, नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटलं, एक ना एक दिवस हे पोर जिवाला मुकेल. मग म्हटलं, निदान नीट शिवून तरी देते. कॅनव्हास सपाट बसतो म्हणून पुढं तो घातला. तुम्ही दुकानात असताना शिवायचे, तुमचं पाऊल वाजलं की उशीखाली."

थोरल्यानं माझ्या हातातून कपडा घेतला. उलटा केला. अंगठा टाक्यांवरून फिरवला, मग कॅनव्हासवरून. कॅनव्हास चुण्या पडून आक्रसला होता, जाड झाला होता, कडक. त्याच्या तोंडातून बापाच्या आधी शिंपी बोलला.

"भिजवून नाही घेतलास?"

कॉलरचा कॅनव्हास शिवण्याआधी भिजवून, वाळवून घ्यावा लागतो, नाहीतर धुण्यात आटतो. आमच्याकडे हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. थोरलीला ते झोपेतही माहीत आहे.

"वाळत कुठं घालणार होते?" ती म्हणाली. "दोरीवर? तुम्ही विचारलं असतंत, कॅनव्हास कशाला काढलास. मला वाटलं थोडासा आटेल. मग प्रत्येक धुण्याला आटत गेला आणि पोर वाढत गेलं. नवीन शिवते म्हटलं तर तो म्हणायचा, असू दे आई, घट्टच बरा वाटतो. अहो, मला दिसत होतं त्याला धाप लागते ते. दिसत होतं आणि तुम्हाला सांगायचं कसं ते सुचत नव्हतं."

मधली खाली बसली, चिंध्यांच्या पोत्यावर. "वहिनी, मला तरी..." ती म्हणाली आणि थांबली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मागच्या वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीनं असंच काही सांगितलं होतं. मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी फोन केला. नियमच तसा. नंतर ती शाळेत आली नाही. मी चौकशीही केली नाही आई. मला वाटलं, माझं काम झालं."



मी झडपेखाली गेले. "रीळ, आजी बोलतेय. पट्ट्या कशाला हव्यात?"

आवाज आला, बारीक, तुटक, दोन शब्दांनंतर श्वास. "असं खाली कसं येऊ? मैदानात सगळ्यांसमोर फाडलं. आत काहीच नाहीये आता. सगळे बघतील."

"डॉक्टरांनी आवळायचं नाही म्हणून सांगितलंय ना?"

"म्हणून तर गुंडाळल्या नाहीत. नुसत्याच फाडतोय." श्वास. "काय करू कळत नाहीये आजी."

माझ्या छातीवरचा एक दगड उतरला आणि दुसरा चढला. आकडे डोळ्यांसमोरून गेले, पण ते पोर तापल्या पत्र्याखाली, सुजल्या बरगड्या घेऊन, हातात पट्ट्या धरून बसलं होतं, आणि त्या गुंडाळायला कितीसा वेळ लागतो.

मी मागे वळले. "थोरल्या, डगला काढ."

"काय?"

"अंगातला डगला. काढ."

हा करडा डगला ह्यांचा. गुडघ्याखाली येणारा, जाड, खडूच्या खिशांचा, खांद्यात ऐसपैस. ह्यांच्यानंतर तो थोरल्यानं अंगात घातला तो घातलाच. धाकट्यानं एकदा गमतीत चढवला होता तर घरात कितीतरी दिवस अबोला होता. तो डगला अंगात असला की थोरल्याला मालक असल्यासारखं वाटतं, आणि नसला की तो नुसता माझा मुलगा असतो.

"आई, तो डगला..."

"काढ म्हणते ना."

त्यानं गुंड्या सोडल्या. डगला धाकट्याच्या हातात दिला. धाकट्यानं डगला गजाच्या पट्टीला अडकवला, टेबलावर चढला आणि वर धरला. "रीळ, डगला आहे. बापाचा. तंबूसारखा आहे, आत दोघं-तिघं मावतील. घे."

वर काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. झडप फट पडेल एवढी उघडली, एक हात बाहेर आला आणि डगला आत गेला.

रिळानं मला पुढं सांगितलं, डगला बापाच्या अंगाचा गरम होता. आधी वाटलं, फसवून खाली बोलावतायत. मग खिशात हात गेला तर खडू लागला, आणि खडू हातात आल्यावर रडू आलं.

शिडी खाली आली. डगल्यात ते एवढंसं दिसत होतं, कॉलर कानापर्यंत वर केलेली. शेवटच्या पायरीवर थोरलीनं कवेत घ्यायला हात पुढं केले, बरगड्या आठवून मागे घेतले, मग नुसतं त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं. धाकट्यानं पाण्याचा तांब्या दिला. रीळ घटाघटा प्यायलं. श्वास लागत होता, पण येत होता. आम्ही सगळे तो श्वास बघत उभे होतो.

पाणी पिऊन झाल्यावर ते बापाकडे वळलं. दुकानात आल्यापासूनचं त्याच्याशी पहिलं वाक्य. "आईला काही बोलू नका. मीच मागे लागलो होतो."

थोरला शर्टात उभा होता. डगल्याविना त्याचे खांदे किती उतरलेत ते मला तेव्हा दिसलं. तो रिळाशी बोलला नाही, माझ्याशी बोलला.

"मी नाही पाठवणार त्या शाळेत. आई, आज मैदानात पडली तेव्हा तिथं शंभर पोरं असतील. उद्या काय काय बोलतील, काय काय करतील. तुला माहीत नाही जग कसंय. मी काय दुष्ट आहे का? मला भीती वाटते गं." आणि तो रडायला लागला. माझा थोरला, जो कपाटात बसून रडायचा, तो सगळ्यांदेखत रडला.

मला त्याची दया आली. पण दया आली म्हणून निकाल बदलला तर मी या घरात काय कामाची. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो उंच, मला मान वर करावी लागली.

"भीती मलाही वाटते," मी म्हणाले. "रीळ मुलगा आहे की मुलगी, ते मला कळत नाही. कळेल तेव्हा कळेल, आणि नाही कळलं तर मी तशीच मरेन, त्यात त्याचं काय जातंय. पण तू आज एक दुपार घाबरलास तर शटर ओढलंस. हे पोर वर्षभर घाबरतंय, तुझी बायको घाबरतेय, तुझा भाऊ घाबरतोय, त्या शाळेतली बाई घाबरतेय, आणि सगळी तुलाच. त्या भीतीपायी कॅनव्हास न भिजवता शिवला गेला. शाळेला काय विचारतोस, का सांगितलं नाही म्हणून? या घरात तुला कोण काय सांगतं? आता ऐक. डॉक्टर हो म्हणाले की पोर त्याच शाळेत जाईल. त्याआधी तू त्या बाईकडे जाशील, बसशील, आणि ती बोलेल तेवढं सगळं ऐकशील. मग तिला सांगशील, यापुढं काही कळलं तर लपवू नका, मी ओरडणार नाही. आणि ओरडायचं नाही. डगला रिळाकडे राहील, त्याला नकोसा होईपर्यंत. आणि उद्यापासून या घरात जे भिजवायचं ते भिजवलं जाईल आणि पुढच्या गच्चीत, सगळ्यांना दिसेल असं, उन्हात वाळेल. दोरी तू बांधायचीस."